सगळ्यात शांत कुत्रा

तिच्या खोलीत बाहेरचा आवाज येत नाही. भिंतींना जाड स्पंज आहे, दाराला दुहेरी रबर आहे, आणि एकदा दार लावलं की रस्त्यावरून सायकल गेली काय नि रोडरोलर गेला काय, आत सगळं सारखंच. या खोलीत बसून ती गेली अठरा वर्षं लोकांचे कान तपासते आहे. समोरच्याच्या डोक्यावर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, "आवाज आला की दाबा. बारीक आला तरी दाबा. नाही आला तर उगाच दाबू नका." या तीन वाक्यांवर आमचं घर उभं आहे, असं तिचा नवरा लोकांना सांगतो. तो स्वतः ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवतो आणि दिवसाला हजारभर वाक्यं बोलतो. त्यातली अर्धी "ब्रेक, ब्रेक" अशी असतात.

पेशंट तिला कानवाल्या बाई म्हणतात. काही जण खडूस बाई म्हणतात, तेही तिला माहीत आहे. कमी ऐकू येणारी माणसं आपण कुजबुजतोय अशा समजुतीने चांगली खणखणीत बोलतात.

अशा माणसांशी बोलून बोलून तिच्या अंगात काही सवयी भिनल्या आहेत. मागून हाक मारायची नाही. समोर जायचं, नजरेला नजर भिडेपर्यंत थांबायचं, मग सावकाश बोलायचं आणि बोलताना हातही चालवायचे. घरीसुद्धा ती हेच करते. मीठ हवं असलं तरी नवऱ्यासमोर येऊन उभी राहते, त्याने मान वर केली की मगच 'मीठ' म्हणते आणि वर चिमटीने दाखवते. "अगं, मला ऐकू येतं," असं तो लग्न झाल्यापासून सांगतो आहे.

या बाईला कुत्री आवडत नसत. भीती म्हणाल तर अजिबात नव्हती. भीती असती तर परवडलं असतं, भित्र्या माणसाला लोक सांभाळून घेतात. नुसतं न आवडणं कुणी समजून घेत नाही. दिवसभर लोकांच्या कानात पिप् पिप् वाजवून घरी आल्यावर तिला शांतता हवी असायची, आणि कुत्रा म्हणजे चार पायांवर चालणारा भोंगा, असं तिचं साधं गणित होतं. त्यात ती ओली नाकं, सोफ्यावरचे केस आणि सगळ्यात वाईट म्हणजे कुत्र्यांचे मालक. कुत्रा आपल्या अंगावर दोन पाय टाकून उभा असताना "काही करत नाही तो" असं हसत सांगणाऱ्या माणसाला काय उत्तर द्यावं, हे तिला कधीच सुचलं नव्हतं.

तरी तिच्या घरात कुत्रा आला, आणि तो नवऱ्याच्या एका वाक्यामुळे आला. त्यांची दहा वर्षांची मुलगी आहे. ती एका जागी उभी राहिलेली कुणी पाहिलेली नाही, म्हणून घरात तिला सगळे भिंगरी म्हणतात. ही भिंगरी दोन वर्षं कुत्र्यासाठी हटून बसली होती आणि तेवढीच दोन वर्षं पोहण्याच्या तलावाला घाबरत होती. नवऱ्याने दोन्हींची सांगड घातली. तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता पोहलीस तर कुत्रा आणू, असा शब्द त्याने दिला आणि तो निर्धास्त झाला. पोरगी तीन महिन्यांत पोहली. नुसती त्या टोकाला गेली नाही, परतही आली.

मग नवरा स्वयंपाकघरात आला आणि नवशिका क्लच सोडतो तितक्या हळूहळू त्याने ही बातमी सोडली. तिसऱ्या दिवशी तिने दोन अटी घातल्या. पहिली, कुत्रा मी निवडणार. दुसरी अट तिने चौकशी करून काढली होती. सोडून दिलेली कुत्री सांभाळणारी एक संस्था गावाबाहेर होती, आणि पंधरा दिवसांत कुत्रा परत आणला तर ते काही विचारत नसत. तेव्हा पंधराव्या दिवशी घरातल्या चौघांनी जेवणाच्या टेबलाशी बसून हो किंवा नाही सांगायचं. एकाचंही नाही आलं, तर कुत्रा परत. ते एक 'नाही' कुणाचं असणार होतं, हे काही वेगळं सांगायला नको.

घरातलं चौथं माणूस म्हणजे सासूबाई. त्यांचे कान इतके तिखट की शेजारच्या घरात चमचा पडला तर तो कुठल्या खोलीत पडला ते त्या सांगतात. सुनेला माझ्याकडून एक पैशाचा धंदा मिळायचा नाही, असं त्या स्वतःच म्हणतात. दोन्ही अटी त्यांनी आपल्या खोलीतून ऐकल्या आणि तिथूनच मान्य केल्या.

रविवारी सगळे संस्थेत गेले. दार उघडताच चाळीस कुत्री एकदम भुंकायला लागली. पत्र्याचं छप्पर, सिमेंटची जमीन, दोन्ही बाजूंना जाळीचे पिंजरे. आवाज या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत होता, आणि तिने नकळत दोन्ही कानांवर हात ठेवले. गुडघ्यापर्यंत गमबूट घातलेली एक बाई पुढे झाली आणि ओरडून म्हणाली की बघा निवांत, काही घाई नाही.

पर्समध्ये यादी होती. उडी मारणारा नको, चाटणारा नको, भुंकणारा तर नकोच नको. भिंगरीचं मन पहिल्याच पिंजऱ्यात अडकलं होतं. तिथला ठिपक्यांचा कुत्रा जाळीवर पाय टाकून उभा होता आणि त्याने जाळीतून तिचं कोपर चाटून काढलं होतं. आईने यादी बाहेर काढण्याचीही तसदी घेतली नाही, नुसती मान हलवली. नवऱ्याला एक आवडला, तो तिच्या पर्सचा पट्टा खाऊ लागला. असं करत करत ते शेवटच्या पिंजऱ्याशी आले, आणि तिथे एक कुत्रा झोपलेला होता.

मध्यम चणीचा, सालासकट बटाट्याच्या रंगाचा आणि झोपेत आकारानेही साधारण तसाच. दोन्ही बाजूंची कुत्री छप्पर डोक्यावर घेत होती आणि हा गाढ झोपला होता. पोट संथ वरखाली होत होतं.

ती वाकली तशी तिची सावली त्याच्यावर पडली. त्याने डोळे उघडले आणि थेट तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. तीही सवयीने थांबली, नजर स्थिर झाल्यावर हात वर करून सावकाश म्हणाली, "ऊठ." तो उठला. हात खाली करून ती म्हणाली, "बस." तो बसला. भुंकला नाही, उडी मारली नाही, नाक पुढे केलं नाही. नुसता तिच्याकडे बघत राहिला.

गमबूटवाली म्हणाली की चारच दिवस झालेत, बाजाराच्या मागे फिरताना सापडला, आल्यापासून असाच आहे, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही.

आता हे वाचणाऱ्याच्या एव्हाना लक्षात आलं असेल. तिच्या आलं नाही. जिने अठरा वर्षं दुसरं काही केलं नाही, त्या बाईने चाळीस कुत्र्यांच्या कल्लोळात गाढ झोपलेला कुत्रा बघितला आणि तिच्या मनात आलं ते एवढंच, की याचा स्वभाव शांत आहे. तपासणीच्या खोलीत रोज तिच्यासमोर माणसं बसत. कुत्रा बसला तर काय शोधायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. शिवाय माणसाला आपली यादी पुरी होताना दिसली की तो पुढचं बघायचं सोडतो. ती म्हणाली, "हा."

भिंगरीने घरी येईपर्यंत मान वळवून वळवून मागे बघितलं, पण अट ती अट. नाव तिने ठेवलं, बटाटा.

पहिला आठवडा बटाट्याने गाजवला. दाराची बेल वाजली तरी तो भुंकत नसे. मिक्सर लावला तरी ढिम्म. नवऱ्याची शिंक अशी की शिकाऊ ड्रायव्हर दचकून गाडी बंद पाडतात, त्या शिंकेनेही बटाट्याची मिशी हलली नाही. वरच्या मजल्यावर तीन दिवस भिंतीला भोकं पाडण्याचं काम चाललं होतं, आणि अख्ख्या इमारतीत झोप लागली ती एकट्या बटाट्याला. दवाखान्यात तिच्या शेजारच्या खोलीत बसणाऱ्या कानाच्या डॉक्टरांकडे दोन भुंकणारी कुत्री होती. तुम्ही याला शिकवलं कसं, असं त्यांनी चहा पिताना विचारलं. ती म्हणाली, शिकवण्यात काही नसतं, निवड नीट करावी लागते.

तिसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "अगं, याला ऐकू येतं ना?"

"आई, मी दिवसाला वीस कान तपासते," ती म्हणाली. "ऐकू येत नसतं तर मला कळलं नसतं का?" आणि तिने समोर जाऊन, नजर भिडवून, हात करून दाखवलं. ऊठ म्हटल्यावर उठला, बस म्हटल्यावर बसला. सासूबाई "बरं बाई" म्हणाल्या आणि त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

खरी गंमत वेगळीच होती. बटाटा फक्त तिचंच ऐकायचा. भिंगरी दिवसभर त्याला हाका मारायची, सोफ्यामागून, गॅलरीतून, आंघोळ करता करता. तो बघायचासुद्धा नाही. नवरा शिट्टी वाजवायचा, तो कूस बदलायचा. आणि ही नुसती खोलीच्या दारात येऊन उभी राहिली की तो उठून शेपटी हलवत यायचा. जिने कधी कुत्र्याच्या डोक्यावर हात फिरवला नव्हता, तिच्याच पायाशी तो बसायचा. नवरा म्हणायचा, ज्याला नको त्याच्याच गळ्यात माळ पडते.

ती वरवर कटकट करायची, काय हा सारखा पायात येतो म्हणून. पण खरं सांगायचं तर तिला ते फार आवडायला लागलं होतं. तो दाराला पाठ लावून झोपायचा. संध्याकाळी ती किल्लीने दार उघडायची, दार त्याच्या पाठीला लागायचं, तो उठायचा आणि मान वर करून तिच्या तोंडाकडे बघत राहायचा. दवाखान्यात लोक तिच्या मशीनकडे बघतात. घरात जो तो आपापल्या फोनकडे बघतो. आपल्या चेहऱ्याकडे इतकं मन लावून कुणी बघितलं त्याला कितीतरी वर्षं झाली होती. जिना चढताना तिची पावलं हल्ली भराभर पडत. दारात चपला काढता काढता ती त्याला दिवसभराचं सांगायची. आज एक आजोबा आले होते, ऐकण्याचं यंत्र खिशात ठेवून कानाला हात लावून बसले होते. तो सगळं बघायचा. तिला वाटायचं, ऐकतोय.

भिंगरीचं मात्र दिवसेंदिवस अवघड होत होतं. तिने ग्रंथालयातून कुत्र्यांवरचं पुस्तक आणलं होतं, आणि त्यात लिहिलं होतं की प्रेमाने हाक मारली की कुत्रा येतो. ती प्रेमाने हाक मारत होती. तो येत नव्हता. त्यातून दहा वर्षांच्या मुलीने जो अर्थ काढायचा तो काढला. अकराव्या दिवशी शाळेतून आल्यावर तिने झोपलेल्या बटाट्याला मागून मिठी मारली. तो दचकून उठला आणि त्याने हवेत दात आपटले. लागलं काही नाही, पण ती उठून सरळ आपल्या खोलीत गेली. रात्रीच्या जेवणाला ती अगदी एका जागी बसून होती, आणि तेच बघवत नव्हतं.

"परत देऊन टाकू त्याला," ती म्हणाली. "त्याला मी आवडत नाही. मी नाही म्हणणार आहे."

ते राखून ठेवलेलं 'नाही' हे असं भलत्याच तोंडून आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक आजी आपल्या नवऱ्याला घेऊन दवाखान्यात आल्या. त्यांची तक्रार अशी की हे माझं मुद्दाम ऐकत नाहीत, माझ्या धाकट्या बहिणीचं मात्र बरोबर ऐकतात, माझा कंटाळाच आलाय यांना. ही तक्रार आठवड्यातून दोनदा तरी येते, आणि तिचं उत्तर पाठ आहे.

"आजी, ते रागावलेले नाहीत तुमच्यावर," तिने सुरुवात केली. "तुम्ही आतून हाक मारता. तुमची बहीण समोर बसून बोलते, हातवारे करते. ज्याला ऐकू येत नाही ना, तो सगळं डोळ्यांनी ऐकतो. समोर येणाऱ्या माणसाचं त्याला कळतं, म्हणून घरातल्या बाकीच्यांना वाटतं, की हा फक्त तिचंच..."

ती थांबली. आजींनी दोनदा विचारलं, काय वाटतं? मग आजींना वाटलं की आपल्यालाच ऐकू आलं नाही, आणि त्या घाबरल्या. त्यांचाही कान फुकटात तपासून द्यावा लागला.

संध्याकाळी तिने तान्ह्या मुलांचे कान तपासायची पिशवी उचलून घरी आणली. तान्ही मुलं बटण दाबत नाहीत, त्यांच्यासाठी खुळखुळा, शिट्टी आणि एक छोटा ढोल असतो. बटाट्याला बिस्किटं घातली. तो टेबलाखाली झोपेपर्यंत वाट बघितली आणि पाठीमागून जाऊन खुळखुळा वाजवला. काही नाही. शिट्टी वाजवली. काही नाही. मग त्याच्या डोक्यावर हातभर अंतरावर ढोल धरून सगळा जोर लावून बडवला. सासूबाई आपल्या खोलीतून कानात बोटं घालून बाहेर आल्या. बटाट्याचं पोट संथ वरखाली होत होतं.

ती ढोल हातात घेऊन तशीच जमिनीवर बसली. बसताना तिची टाच फरशीवर आपटली, तेवढ्याने त्याने डोळे उघडले, वळून तिच्याकडे बघितलं आणि शेपटी हलवली.

"रिपोर्ट काय म्हणतो?" सासूबाईंनी विचारलं.

"दोन्ही कान," ती म्हणाली.

मी तुला सांगितलं होतं, हे वाक्य सासूबाईंच्या ओठांवर आलं होतं ते सुनेला स्पष्ट दिसलं. त्यांनी ते गिळलं, आणि त्याबद्दल ती त्यांची जन्मभर ऋणी राहील.

त्या रात्री तिने कुणाला काही सांगितलं नाही. लाज वाटत होती, हे एक कारण. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, आणि डॉक्टरांना हे कळलं की ते निवृत्त होईपर्यंत चहाबरोबर हाच विषय निघणार. पण दुसरंही एक कारण होतं, आणि ते तिला स्वतःशी कबूल करतानाही जड गेलं. यात तिची जादू वगैरे काही नव्हती. समोर जाऊन हात केला की तो कुणाकडेही आला असता. हे एकदा सगळ्यांना कळलं की दारात तिच्या चेहऱ्याकडे बघणारा तो सगळ्यांच्याच चेहऱ्याकडे बघणार, आणि भिंगरी त्याला क्षणभरही सोडणार नाही. सध्या तो तिचा होता. तिचं म्हणून काहीतरी घरात येऊन तिच्याकडे असं धावत यायला लागून फक्त बारा दिवस झाले होते.

सकाळी तिने संस्थेत फोन करून आडून विचारलं, ऐकू न येणारा कुत्रा परत आला तर त्याचं काय होतं? गमबूटवाली म्हणाली, असा कुत्रा कोण नेणार? एक होता, तीन वर्षं शेवटच्या पिंजऱ्यात काढली त्याने. तिने "सहज विचारलं" म्हणून फोन ठेवला.

तेराव्या दिवशी संध्याकाळी ती भाजी निवडत बसली होती, बटाटा पायाशी. भिंगरी आली आणि टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत उभी राहिली. पुष्कळ विचार करून आली होती.

"आई, तुला तो खूप आवडतो ना?"

"मला? छे."

"आवडतो. तू त्याच्याशी बोलतेस. मी बघितलंय." मग ती भरभर म्हणाली, "मी नाही म्हणणार होते ना, ते मी हो म्हणते. मला नाही आवडत तो, पण तुझ्यासाठी म्हणते. तुझा एकटीचा राहू दे."

एवढं बोलून ती जायला निघाली. आईच्या हातातली शेंग हातातच राहिली. सगळं आपोआप जमून आलं होतं. कुत्रा राहणार होता, तिचा एकटीचा राहणार होता, दवाखान्यातली अब्रू राहणार होती. फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं हा तर तिचा जन्माचा छंद. पण मुलगी पाठमोरी चालली होती, पाय ओढत, आणि तिला अजूनही वाटत होतं की घरातल्या एका जिवाला आपण आवडत नाही.

तिने मुलीला परत बोलावलं. शेजारी बसवलं, तिच्याकडे तोंड करून बसली आणि सावकाश सांगितलं की बटाट्याला ऐकू येत नाही. मुळीच नाही. आपण कान तपासतो, तरी आपल्याला कळलं नाही. आजीला कळलं होतं, पण आपण आजीचं ऐकलं नाही. चूक पूर्णपणे आपली.

भिंगरीने आईच्या पायाशी बसलेल्या बटाट्याकडे बघितलं.

"म्हणजे मी हाका मारायचे, ते त्याला कळतच नव्हतं?"

"नाही."

"त्याचं नाव बटाटा आहे, हे पण नाही?"

"ते पण नाही."

"मग तो रुसला नव्हता माझ्यावर," भिंगरी म्हणाली आणि रडायला लागली, आणि रडता रडता तिने टेबलाखाली डोकं घातलं. बटाट्याला समोर एक ओला चेहरा दिसला. त्याने तो चाटला. यादीतली एक अट मोडली, पण यादी कुठे होती तेही आता कुणाला माहीत नव्हतं.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि पाठीवर थाप मारायला सासूबाई आल्या त्याही हसत होत्या. अठरा वर्षं, तो म्हणत होता, अठरा वर्षं. ती शेवटी स्वतःही हसली. दुसरं करणार काय?

मग दोन दिवस घरात शिकवणी चालली. आधी त्याला दिसायचं. झोपला असेल तर हात लावायचा नाही, जवळ फरशीवर टाच आपटायची आणि थांबायचं. बघितलं की हात वर, म्हणजे ऊठ. छातीशी दोन्ही हात आणले की ये. भिंगरीला सगळ्यात अवघड गेलं ते एका जागी उभं राहणं, कारण हलत्या माणसाचे हात बटाट्याला नीट दिसत नसत. पोहायला शिकली त्यापेक्षा हे कठीण आहे, असं ती म्हणाली, पण शिकली. नवरा प्रत्येक खुणेबरोबर तोंडानेही "ब्रेक, ब्रेक" म्हणायचा. त्याला कुणी अडवलं नाही.

पंधराव्या दिवशी रात्रीचं जेवण झाल्यावर चौघं टेबलाशी बसली. नवरा हो म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, घरात एक तरी प्राणी आहे जो माझ्या घोरण्याचं नाव काढत नाही, राहू दे. भिंगरी म्हणाली, आधी मला करून दाखवायचंय, मग सांगते.

ती खोलीच्या त्या टोकाला खिडकीशी जाऊन उभी राहिली. बटाटा मध्ये सतरंजीवर बसला होता, आणि त्याचे डोळे नेहमीप्रमाणे आईवर होते. भिंगरीने टाच आपटली. त्याने एकदा तिकडे बघितलं आणि पुन्हा मान आईकडे वळवली. भिंगरीने छातीशी हात आणले, पण तो तिकडे बघतच नव्हता.

"आई, तू तिकडे तोंड कर," भिंगरी म्हणाली. "तू दिसलीस की तो माझ्याकडे बघत नाही."

ती उठली आणि फ्रिजकडे तोंड करून उभी राहिली. फ्रिजच्या दारावर शाळेचं वेळापत्रक चिकटवलेलं होतं. तिने ते वाचायला सुरुवात केली, आणि वाचता वाचता तिचे कान मागे लागले होते. मागे टाच आपटली. मग बराच वेळ काही नाही. मग बटाट्याची नखं फरशीवर वाजली. दोन पावलं तिच्या दिशेने आली आणि थांबली. पुन्हा टाच. नखं वळली, आणि मग टक् टक् टक् करत लांब गेली, आधी हळू आणि शेवटी पळत, थेट खिडकीपर्यंत. भिंगरीचं हसू ऐकू आलं, नवऱ्याच्या टाळ्या ऐकू आल्या, आणि लादीवर शेपटी आपटण्याचा आवाजही आला. सगळं अगदी तिला हवं होतं तसं झालं होतं, आणि तिला ते मुळीच आवडलं नाही.

"हो," भिंगरी ओरडून म्हणाली. "माझं हो. आई, तुझं राहिलंय."

"राहू दे त्याला," ती म्हणाली.

"इकडे तोंड करून सांग ना."

तिने तोंड वळवलं नाही. वळवलं असतं तर तिचे डोळे सगळ्यांना दिसले असते, आणि मुख्य म्हणजे त्याला दिसले असते, आणि तो धावत तिच्याकडे आला असता. ती फ्रिजसमोर उभी राहून गुरुवारच्या तासांवर आली, आणि गुरुवार संपल्यावर तिने शुक्रवारही वाचून काढला.